सैतानाची अंडी की भरली अंडी?

आपल्याकडे हल्ली कोणताही समारंभ असो, बार मिट्झवा, साखरपुडा, हनुक्काचे संमेलन, जेवणाआधीच्या टेबलावर एक ताट हमखास दिसते. उकडलेल्या अंड्यांचे उभे दोन भाग केलेले, आतला बलक मोहरी, मिरपूड आणि काहीतरी आंबट घालून घोटलेला व पुन्हा पांढऱ्या वाटीत भरलेला, वर लाल तिखटाची चिमूट. इंग्रजीत याला डेव्हिल्ड एग्ज म्हणतात. तरुण मंडळींची समजूत अशी की हा पदार्थ अमेरिकेतून सिनेमाबरोबर आला. वयस्क बायकांची तक्रार वेगळीच. ज्या टेबलावर किद्दूश करायचा, त्या टेबलावर सैतानाच्या नावाचा पदार्थ कशाला? मागे एका कुटुंबाच्या समारंभात या नावापायी चाळीस अंड्यांचे ताट स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. अंडी बिचारी निर्दोष होती. तेव्हापासून आमच्या मनात होते की या अंड्याची वंशावळ एकदा लिहून काढावी, म्हणजे दोन्ही बाजूंचा गैरसमज दूर होईल.

आधी नावाचा निकाल लावू. इंग्रजीत स्वयंपाकाच्या संदर्भात ‘डेव्हिल’ हा शब्द १७८६ च्या सुमारास छापील सापडतो. त्याचा अर्थ एवढाच की पदार्थ मिरी, मोहरी घालून जहाल तिखट केला आहे. अशी ‘डेव्हिल्ड’ मूत्रपिंडे आणि ‘डेव्हिल्ड’ हाडे इंग्रज लोक आवडीने खात. त्यात धर्माचा संबंध नाही. लवंगी मिरची म्हटली म्हणून तिच्यात लवंग नसते, तसेच हे. अमेरिकेतही काही ठिकाणी चर्चच्या जेवणात हे नाव नको म्हणून ‘भरलेली अंडी’ किंवा ‘सजवलेली अंडी’ असे म्हणतात, म्हणजे नाव खटकणाऱ्या आपल्याच आज्या आहेत असे नाही. इस्राएलमध्ये तर प्रश्नच नाही. येथे त्यांना ‘बेत्झिम मेमुलाओत’ म्हणतात, म्हणजे सरळ भरलेली अंडी. आणि ज्या मराठीत भरली वांगी, भरली मिरची, भरले पापलेट आहे, त्या मराठीत भरली अंडी म्हणायला कोणाची परवानगी हवी?

पदार्थ मात्र नावापेक्षा फार जुना आहे. रोमन लोकांच्या मेजवानीची सुरुवात अंड्याने व शेवट फळाने होई. अपिकियस या नावाने चालत आलेल्या त्यांच्या पाककृतींच्या संग्रहात उकडलेल्या अंड्यांवर घालायची एक चटणी आहे. तीत मिरी, भिजवलेले चिलगोजे, मध, सिरका आणि माशाचे खारे पाणी पडते. ही मिरी कोठून जात होती? आपल्याच किनाऱ्यावरून, मलबारच्या बंदरांतून. रोमन माणूस अंड्यावर मिरपूड घाली तेव्हा तो हिंदुस्थानचाच माल खात होता. आणखी एक गोष्ट. आपल्या सेदेरच्या रात्री टेकून बसणे, हिरवा पाला मिठाच्या पाण्यात बुडवणे, जेवणाच्या आरंभी पुष्कळ घरांत मिठाच्या पाण्यातले अंडे खाणे, हा सारा थाट त्या काळच्या ग्रीक-रोमन मेजवानीच्या रीतीशी जुळतो असे विद्वान सांगतात. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी त्या रात्री सरदारासारखे जेवावे, हाच त्यातला हेतू. तेव्हा जेवणाआधी अंडे पुढे करणे ही कालची फॅशन नव्हे.

आता खरी भरलेली अंडी. ती सापडतात तेराव्या शतकातील अंदलुसच्या, म्हणजे मुसलमानी अमलातील स्पेनच्या, एका अरबी पाकपुस्तकात. लेखकाचे नाव त्यावर नाही. कृती वाचली की आपल्या स्वयंपाकघरात उभे असल्यासारखे वाटते. अंडी उकडून सोलावीत, दोन भाग करावेत, बलक काढून त्यात कोथिंबीर, धने, मिरी व कांद्याचा रस घालून कुटावे, तेल, मीठ आणि मुर्री नावाचे आंबवलेले खारे पाणी घालून मळावे, मग हे सारण पांढऱ्यात भरून दोन्ही भाग जोडावेत, लहानशा काडीने टोचून घट्ट करावेत आणि वर मिरपूड भुरभुरावी. कोथिंबीर, धने, कांदा! अमेरिकेच्या मेयोनीजपेक्षा हे सारण रेवदंड्याच्या वाटणाला जवळचे आहे. याच पुस्तकात यहुदी म्हणून नाव दिलेले कोंबडीचे व तित्तिराचेही पदार्थ आहेत, म्हणजे त्या शहरांतल्या आपल्या लोकांचा स्वयंपाक शेजाऱ्यांना माहीत होता व आवडतही होता. याच भूमीत, कोर्दोव्हा शहरी, बाराव्या शतकात रंबाम जन्मले. त्यांचे भाऊ दाविद व्यापारासाठी हिंदुस्थानकडे निघाले आणि समुद्रात बुडाले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख रंबामच्या एका पत्रात आहे, म्हणून आपल्या इतिहासकारांना ते पत्र फार प्रिय.

आमच्या धर्मग्रंथांत अंड्याला किती मान आहे हे नव्या पिढीला सांगितले तर हसू येते. मिश्नाच्या एका संपूर्ण ग्रंथाचे नावच ‘बेत्झा’, म्हणजे अंडे. त्याची सुरुवातच अशा वादाने होते की सणाच्या दिवशी कोंबडीने घातलेले अंडे त्या दिवशी खावे की नाही. शम्माईचे शिष्य म्हणाले खावे, हिल्लेलचे शिष्य म्हणाले खाऊ नये. एरवी शम्माईची मंडळी कडक आणि हिल्लेलची सौम्य, पण येथे उलटे झाले. सणाच्या मेजवानीचे अंडे हा चेष्टेचा विषय नाही, दोन हजार वर्षांपूर्वी त्यावर दोन मोठ्या शाळा भांडल्या आहेत.

अंडे काशेर कोणते याचीही ओळख दिलेली आहे. एक टोक निमुळते व दुसरे गोल असावे, दोन्ही टोके सारखी असतील तर ते घेऊ नये. फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यावे. म्हणून आमच्या आया प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून, उजेडाकडे धरून पाहत व मगच भांड्यात ओतत. आणि अंडे पारवे, ना दुधाचे ना मांसाचे, म्हणून दोन्ही जेवणांना चालते. हा शेवटचा गुण लक्षात ठेवावा, कारण पुढे सारी गंमत त्यातच आहे.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, शब्बाथला घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, हे सांगायला नको. दावीद राहाबी यांनी आपल्या बायकांची परीक्षा माशांवरून घेतली ही कथाही घरोघरी सांगितली जाते. खवले व पर असलेले मासे त्यांनी वेगळे काढले आणि राहाबींची खात्री पटली. अलिबाग, नागाव, पेण, पनवेल या बाजूला प्रत्येक परसात चार-दोन गावठी कोंबड्या असत, पण अंडे रोजच्या खाण्याची वस्तू नव्हती. ते आजाऱ्याला, बाळंतिणीला किंवा पाहुण्याला. पाहुणा आला की नारळाच्या दुधातला अंड्यांचा रस्सा होई. गावठी अंडे लहान, वजनाला जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम, म्हणून अंड्याला अंडे लावून माणसे मोजावी लागत. दोन भाग करून ताटात मांडण्याची चैन त्या घरात कोण करणार?

ती चैन मुंबईत आली, आणि आमच्या समजुतीप्रमाणे रेल्वे, पलटण आणि दवाखाना या तीन दारांनी आली. आपली मंडळी मुंबई इलाख्याच्या सैन्यात होती, १८३९ नंतर एडनलाही गेली. रेल्वेत, टपालात, कस्टममध्ये कारकून व अधिकारी झाली. साहेबाच्या मेसमध्ये आणि क्लबात जे शिजे ते गोव्याचे आचारी शिजवीत, आणि तेथल्या पदार्थांची नावे व रूपे अशा नोकरदारांच्या घरी पोहोचत. आमच्या आजोबांच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये नाताळच्या आठवड्यात शेजारच्या अँग्लो-इंडियन बाई ‘डेव्हिल एग’चे ताट पाठवीत आणि आजी ते प्रेमाने ठेवून घेई, पण खाई मात्र नाही, कारण कोणत्या भांड्यात केले आणि बलकात कोणती चरबी घातली हे कळायला मार्ग नव्हता. मग तिने तेच घरी केले. बलकात लोणी न घालता दाट नारळाचे दूध घातले, सिरक्याऐवजी लिंबू पिळले, मोहरी पाट्यावर वाटली, हिरवी मिरची व कोथिंबीर बारीक चिरून मिसळली. लोणी का नाही? टेबलावर मटण होते म्हणून. पारवेचे पारवे राहिले. नारळाच्या दुधाने आपल्या समाजाचा केवढा प्रश्न सोडवला आहे यावर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहिला पाहिजे.

कलकत्त्यात या नावाची निराळीच गत झाली. तेथे ‘डिमेर डेव्हिल’ म्हणजे उकडलेल्या अंड्याभोवती मसालेदार सारण लावून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला गोळा. नाव इंग्रजांचे आणि रूप नर्गिसी कोफ्त्याचे. बगदादी यहुद्यांची रीत आणखी वेगळी. डेविड ससून १८३२ साली मुंबईत आले, त्यांच्यामागून आलेल्या कुटुंबांनी शुक्रवारी रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या भांड्यावर अंडी ठेवून ती तपकिरी करण्याची पद्धत आणली. शनिवारी सकाळी ती वांग्याच्या तळलेल्या कापांबरोबर खायची. इस्राएलमध्ये हाच न्याहारीचा पदार्थ पावात घालून साबिख म्हणून रस्त्यावर विकतात. आपण आणि बगदादी मंडळी मुंबईत एकमेकांशी फार मिसळलो नाही हे खरे, पण अंड्याने दोघांचा शब्बाथ सांभाळला.

मुंबईत १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली तेव्हाच्या समारंभांबद्दल वडील माणसे सांगत. आपला किद्दूश तसाही काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर होई, त्यामुळे आपले काही अडले नाही. पाहुणचाराचा सगळा भार मात्र खाण्यावर आला, आणि जेवणाआधी हातात धरून खाता येईल अशा वस्तूंना भाव आला. पॅटिस, कटलेट, सामोसा आणि ही अंडी. पुढे अंडे स्वस्तही झाले. पुण्याच्या बाजूने मोठी कुक्कुटपालन केंद्रे निघाली, १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, रविवार असो वा सोमवार, अंडे खा म्हणून जाहिरात घरोघर पोहोचली. पांढरे, ५५ ग्रॅमचे, एकसारखे अंडे ट्रेमधून येऊ लागले. भरल्या अंड्यासाठी असेच अंडे हवे. गावठी अंड्याची चव चांगली, पण ताट शोभत नाही.

आम्ही परिचारिकेचे शिक्षण घेतले ते याच सुमारास. रुग्णाचा आहार हा तेव्हा अभ्यासाचा विषय होता. अर्धे उकडलेले अंडे, दुधात फेटलेले अंडे, पाण्यात सोडलेले अंडे, सारे आपल्या हाताने करून मेट्रनबाईंना दाखवावे लागे. बलकाभोवती हिरवट वर्तुळ आले की ताट परत. ते वर्तुळ म्हणजे विष नव्हे. फार वेळ उकळल्याने पांढऱ्यातला गंधक बलकातल्या लोहाला मिळतो, एवढेच. उकळत्या पाण्यात अंडी सोडून अकरा-बारा मिनिटे ठेवावीत, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, वर्तुळ येत नाही. आणि सोलायला अगदी ताजे अंडे घेऊ नये. ताज्या अंड्याचे पांढरे कवचाच्या पापुद्र्याला चिकटून बसते. आठवडाभर ठेवलेल्या अंड्यातून कर्बवायू निघून जातो, पांढरे कमी आम्लधर्मी होते आणि साल सुटून येते. आमच्या आईला हे शास्त्र माहीत नव्हते, पण ती समारंभाची अंडी आठ दिवस आधी आणून ठेवी.

आमच्याच वर्गातली एक मैत्रीण नगरकडची, मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. शिक्षण संपल्यावर आम्ही इस्राएलला आलो आणि ती १९८५ साली कुवेतला गेली. दोन्ही ठिकाणी आजारी माणसे तीच, पण कुवेत व इस्राएल यांच्यात सरळ टपाल चालत नसे. १९६४ सालच्या कुवेतच्या कायद्याने इस्राएली माणसाशी व्यवहार करणेच निषिद्ध आहे. म्हणून तिचे पत्र ठाण्याला तिच्या बहिणीकडे जाई, बहीण पाकीट बदलून आमच्याकडे पाठवी, आणि आमचे उत्तर त्याच वाटेने उलटे. पत्रात देशाचे नाव नसे. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ या दोन शब्दांवर आम्ही कित्येक वर्षे मैत्री चालवली.

कुवेत आणि मुंबई यांचे नाते किती जुने आहे हे तिच्या पत्रांमुळेच आम्ही शोधू लागलो. कुवेतचे मोती आणि बसऱ्याचा खजूर घेऊन गलबते मुंबईला येत, परत जाताना तांदूळ, मसाले, लाकूड नेत. १९६१ सालापर्यंत तेथे रुपयाच चालत होता, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दिनार आला. कुवेती अरबीत लोणच्याला आजही ‘अचार’ म्हणतात. आणि त्या गावात एकेकाळी आपल्या धर्माचीही काही कुटुंबे होती, बहुतेक बसरा-बगदादकडून आलेली. सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे प्रसिद्ध संगीतकार बंधू तेथेच जन्मले, सालेह १९०८ साली व दाऊद १९१० साली. त्यांना पहिली वाद्ये मिळाली ती हिंदुस्थानच्या व्यापारी सफरीहून परतलेल्या चुलत्याकडून, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे दोघे बगदादला मोठे झाले, १९५१ साली इस्राएलला आले आणि तेल अविवच्या हतिक्वा वस्तीत राहिले. दाऊद १९७६ साली वारले, सालेह १९८६ साली. दाऊद यांचा नातू दुदू तासा हा गायक त्यांची गाणी आज पुन्हा गातो. ‘कुवैती’ हे आडनाव येथे ऐकले की आम्हाला नगरची मैत्रीण आठवे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी नेण्यात आले, त्यात मैत्रीण आणि तिचा नवरा होते. वाळवंटातून बसने अम्मान, तेथे तंबू, मग मुंबई. सहा महिने पत्र नाही. १८ जानेवारी १९९१ च्या पहाटे तेल अविव व हैफावर क्षेपणास्त्रे पडली आणि मग आमची पाळी आली. चिकटपट्ट्या लावलेल्या सीलबंद खोल्या, गळ्यात मुखवट्याची पेटी, कामावर जाताना मुले कोणाकडे ठेवायची हा रोजचा प्रश्न. त्या खोलीत आम्ही पाणी, पाव आणि सालीसकट उकडलेली अंडी ठेवीत असू. साल हेच अंड्याचे झाकण, त्याला वायूची भीती नाही असे सासूबाई म्हणत. शास्त्राने ते कितपत खरे हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

युद्धानंतर ती दोघे पुन्हा कुवेतला गेली. या वेळी नवऱ्याला अम्गरा येथे लाकडाच्या वखारीत हिशेबनिसाची नोकरी लागली. अम्गरा म्हणजे कुवेत शहराच्या पश्चिमेला, जहराच्या वाटेवरचा गुदामांचा आणि भंगाराचा भाग. जुन्या मोटारी, लोखंड, लाकूड, बांधकामाचे सामान. तेथे कोणी समारंभाला जाईल असे वाटत नाही. पण नाताळच्या आठवड्यात, गुरुवारी रात्री, कारण तेव्हा तेथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे, वखारीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ही मंडळी जमत. मल्याळी मुकादम, गोव्याचे दोन यांत्रिक, एक मिसरी कारकून, पाकिस्तानी ट्रकवाले, तिच्या रुग्णालयातल्या फिलिपिनो परिचारिका. तिने लिहिले होते की काय करावे हा मोठा पेच असतो. डुकराचे मांस त्या देशात येतच नाही, गाय हिंदूंना नको, मद्याला कायद्याने बंदी, कोंबडी हलाल आहे की नाही याची चौकशी. शेवटी एकच वस्तू अशी की जिच्यावर सर्वांचे हात पडतात. ती साठ अंड्यांची एकशेवीस अर्धी भरून नेई. फक्त पालघाटचा एक ब्राह्मण लेखनिक केळ्याचे वेफर्स खात बसे.

तिची पद्धत पक्क्या परिचारिकेची. पांढरी अर्धी वेगळ्या डब्यात, सारण वेगळ्या पिशवीत, दोन्ही बर्फाच्या पेटीत, आणि तेथे पोहोचल्यावर कागदाच्या सुरळीने भरायचे. सारणात ती बाटलीतले मेयोनीज घाली, घरचे नाही. याला कारण होते. १९८० नंतरच्या दशकात साल्मोनेलाची एक जात अंड्यांतून जगभर पसरली. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनमधील एडविना करी या मंत्रीणबाईंनी देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात हा दोष आहे असे विधान केले, विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. विधान अतिशयोक्तीचे होते, धोका मात्र खोटा नव्हता. कच्च्या बलकाचे घरचे मेयोनीज आणि उन्हाळ्याची दुपार यांची भेट झाली की काय होते ते आम्ही वॉर्डात पाहिले आहे. एका लग्नानंतर एकाच रात्री नवरदेवाच्या वडिलांसह अकरा माणसे सलाइनवर होती. भरलेली अंडी थंड कपाटाबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, उकाड्यात तासाभरातच उचलावीत. यजमानीणबाईंना राग आला तरी चालेल.

येथे आम्हाला आपल्या जुन्या रब्बींचे कौतुक वाटते. तालमूदमध्ये सांगितले आहे की सोललेला लसूण, सोललेला कांदा आणि सोललेले अंडे रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नये, टोपलीत बांधून ठेवले असले तरीही. त्यांनी कारण वेगळे दिले, जंतू कोणी पाहिले नव्हते. पुढच्या काही रब्बींनी तेल किंवा मीठ मिसळले असेल तर सूट दिली. शुक्रवारी दुपारी अंडी भरून शनिवारच्या किद्दूशला मांडणाऱ्या भगिनींनी हे दोन्ही ध्यानात घ्यावे. सारणात मीठ व तेल असतेच, कपाट चार अंशांवर ठेवावे, आणि पांढऱ्यालाही मिठाचा हात लावावा. रब्बीही संतुष्ट, परिचारिकाही संतुष्ट.

इस्राएलमध्ये आलेल्या आपल्या पहिल्या मंडळींना मात्र अंडेच दुर्मीळ होते. १९४९ ते १९५९ या टंचाईच्या काळात शिधापत्रिकेवर मोजकी अंडी मिळत, बाकी डब्यातली अंड्याची पूड. पुडीचे कोणी कसे दोन भाग करणार? त्यानंतर १९६२ ते १९६४ अशी वर्षे आली की आपल्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली, लग्नाला आलेल्या जोडप्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी होऊ लागली, आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला तेव्हा कोठे प्रश्न मिटला. त्या वर्षांत आमच्या आत्याच्या घरी शेजारच्या बायका आल्या की आधी पदार्थाकडे संशयाने पाहत. नारळाच्या दुधातले काहीही त्यांना दुधाचे वाटे, आणि मटणाबरोबर दूध म्हणून डोळे मोठे होत. आत्या प्रत्येक वेळी नारळ दाखवून समजावी. अंड्याला मात्र समजावणी लागत नसे. तिने मोहरी-कोथिंबिरीची भरली अंडी पुढे केली, मोरोक्कोच्या बाईंनी जिरे मागितले, रुमानियाच्या बाईंनी वर पाप्रिका घातली, आणि पुढच्या सणाला तिन्ही घरांत तिन्ही प्रकार झाले. आमच्या मुलांना हा पदार्थ ‘अमेरिकन’ वाटतो तो या पाप्रिकेमुळे आणि मेयोनीजमुळे. मेयोनीज तर यात १८९६ च्या सुमारास शिरले, बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंच्या पाकपुस्तकातून, आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड हेलमन यांनी १९१२ पासून ते बाटलीत विकले. म्हणजे आमच्या आजीची नारळाच्या दुधाची रीत फार तर धाकटी बहीण, परकी नव्हे.

राहता राहिला पेसाहचा प्रश्न, कारण तो दरवर्षी फोनवर विचारला जातो. आपले पूर्वज पेसाहला ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणत, कारण त्या दिवसांत घरातले आंबट पाण्याचे मडके झाकून ठेवीत, हे हायीम केहीमकर यांनी आपल्या इतिहासात नोंदले आहे. ती सवय अंड्याच्या बाबतीत कामाला येते. माल्टचा सिरका बार्लीचा, म्हणून पेसाहला बंद. इंग्रजी वूस्टर सॉसमध्येही हाच सिरका असतो, शिवाय आत मासे असल्याने मांसाच्या जेवणाला एरवीही पाहून घ्यावा. मोहरी अश्केनाझी मंडळी या आठ दिवसांत वर्ज्य मानतात, आपण भात खातो तशी मोहरीही खातो, पण सून अश्केनाझी घरातली असेल तर एक ताट मोहरीशिवाय करावे. बाटलीतले मेयोनीज त्या सणाचा शिक्का पाहून घ्यावे, नाहीतर नारळाचे दूध आहेच. बारा अंड्यांना चार मोठे चमचे दाट दूध, एका लिंबाचा रस, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चवीला मीठ व मिरपूड. बलक चाळणीतून दाबून घ्यावा, गाठी राहत नाहीत. अंडी आदल्या रात्री आडवी ठेवावीत, म्हणजे बलक मधोमध बसतो. आणि ताटाजवळ चिठ्ठी ठेवायची असेल तर तीवर मराठीत व हिब्रूत ‘भरली अंडी’ एवढेच लिहावे.